खोक्यावरचं नाव

स्कूटरच्या मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला तेव्हा लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारा पट्टा, तो ज्या धातूच्या शूवर चिकटवलेला असतो त्या शूपासून अख्खं सुटलेलं होतं. भाकरी टम्म फुगल्यावर पापुद्रा एका बोटानं निघावा, तसं. गॅरेजवाल्या मामांनी ते दोन बोटांत धरून उजेडाकडं केलं, वास घेतला आणि म्हणाले, "भाकरी झ्याक जमलीया. ब्रेक तेवढा ऱ्हायला."

मला हसू आलं नाही. आदल्या संध्याकाळी पन्हाळ्याहून उतरताना, वाघबीळच्या अलीकडच्या वळणावर मी मागचा ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली जाऊन टेकलं होतं. चाकातून पत्र्यावर पत्रा खरवडल्याचा आवाज. मागं बायको, तिच्या मांडीवर कणसांची पिशवी. पुढचा ब्रेक होता, पण ज्यांनी जुनी चेतक चालवली आहे त्यांना ठाऊक आहे, तिचा पुढचा ब्रेक म्हणजे विनंती अर्ज असतो. मंजूर झाला तर झाला. तिसऱ्यावरनं दुसरा, दुसऱ्यावरनं पहिला असे गिअर पाडत, इंजिनाला बोंबलायला लावत, शेवटी रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. कणसं रस्ताभर. कुणाला काही लागलं नाही. बायको उतरली आणि कणसं गोळा करता करता एवढंच म्हणाली, "आण्णांची आठवण म्हणून ठेवलीय ना ही? मग फोटो काढा आणि भिंतीला लावा. आठवणीवर बसून घाट उतरायचं कारण नाही."

तो शू बसवून सात आठवडे झाले होते. आणि तो मीच आणला होता, माझ्या हातानं, पैसे मोजून. खोक्यावर नावाजलेल्या कंपनीचं नाव होतं, रंग बरोबर होता, कोपऱ्यात चमकणारा होलोग्राम होता, छापील किंमत होती. दुकानदारानं छापील किमतीपेक्षा बरेच कमी घेतले तेव्हा मी विचारलं होतं, "कंपनीचाच ना?" तो म्हणाला, "कंपनीचाच हाय ओ. स्कीममध्ये आलाय." बिल मागितलं तर म्हणाला, बिलावर घेतलं तर कर लागंल. मी म्हणालो, राहू दे, चालतंय की.

हे 'चालतंय की' लक्षात ठेवा. त्याच्याकडं परत यायचं आहे.

चेतक आण्णांची. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. स्कूटरचा नंबर लागायला वर्षंच्या वर्षं वाट बघायचा तो काळ; १९८९ साली ती घरी आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला ओवाळलं होतं. १४५ सीसी, टू-स्ट्रोक, सगळं अंग पत्र्याचं. सुरू होईना झाली की इंजिनाच्या बाजूला तिरकी करायची, मग किक मारायची. हे वाकवणं मला सायकलीच्या आधी शिकवलं होतं. कंपनीनं २००५-०६ च्या सुमारास ती बनवणं बंद केलं. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर मिळते, पण तिचा आणि आमच्या बाईचा संबंध आडनावापुरता.

आण्णा गेल्यावर ती बरीच वर्षं जिन्याखाली उभी होती. मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगा शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत शिरली आणि चेतक चार दिवस हँडलपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर टाकीतून गाळ काढला, सायलेन्सरमधून गाळ काढला. त्या महिन्यात कुठल्याही गॅरेजसमोर जा, गाड्यांची रांग आणि प्रत्येकीचं दुखणं एकच: बेअरिंगं गेली, वायरिंग गेलं, सिलं गेली, ब्रेक गंजले. सगळ्या गावाला एकदम सामान लागलं. मामा म्हणतात, इतका भरमसाट डुप्लिकेट माल त्यांनी तोवर कधी पाहिला नव्हता. माणूस अडला की वजनकाट्याकडं बघत नाही.

आता हा 'डुप्लिकेट' शब्द. सामानाच्या दुकानात काउंटरवर तुम्ही उभे राहिलात की पोरगं विचारतं, "ओरिजिनल देऊ, का ओईएम, का लोकल?" यात डुप्लिकेट असं कुणी विचारत नाही, हे ध्यानात घ्या. ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलं. ओईएम म्हणजे गाडीच्या कंपनीला जो सामान पुरवतो त्यानंच स्वतःच्या नावानं विकलेलं. बहुतेकदा वस्तू तीच, खोकं वेगळं, पैसे कमी. लोकल म्हणजे कुणीतरी कुठंतरी बनवलेलं, ज्यावर त्याचं बरंवाईट का होईना पण स्वतःचं नाव असतं. लोकलमध्ये चांगलंही निघतं. आमच्या सीटचं कव्हर लोकल आहे आणि ते आण्णांच्या मूळ कव्हरापेक्षा टिकलं आहे.

डुप्लिकेट या शिडीवर कुठल्याच पायरीवर बसत नाही, कारण ते वरच्या पायरीचे कपडे घालून खालच्या पायरीवर उभं असतं. बरं, कपडे तरी खोटे असावेत. कित्येकदा खोकं अस्सलच असतं. रिकामी खोकी भंगारात विकली जातात आणि भरून परत येतात. म्हणून मामा कुठलाही नवा पार्ट काढला की आधी खोकं उभं फाडतात, होलोग्रामवर पान्यानं ओरखडा मारतात आणि मगच ते कोपऱ्यातल्या पोत्यात टाकतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो आणि मला वाटायचं, चिडका माणूस आहे.

माझ्या शूचं खोकं मीच दिवाळीतल्या वातींसाठी घरी ठेवलं होतं. मामांनी आणायला लावलं. पुठ्ठा, छपाई, सगळं ठीक. मग त्यांनी शू माझ्या हातात दिला, आणि फळीवरून एक जुना, झिजलेला पण मूळचा शू काढून दुसऱ्या हातात दिला. "वजन बघ." नवा हलका होता. ॲल्युमिनियमच्या कडेला ओतकामाची पापडी तशीच राहिलेली, कुणी कानस फिरवायची तसदी घेतलेली नाही. लायनर चिकटवायच्या आधी धातू खरबरीत करून तेलकटपणा घालवावा लागतो, मग दाब आणि उष्णता देऊन ते चिकटवावं लागतं. माझ्या शूचा पृष्ठभाग गुळगुळीत होता. म्हणजे नुसतं लावलं आणि वाळवलं. गावात फिरताना हे उघडकीला आलंच नसतं. घाटात सारखा ब्रेक दाबून ड्रम तापला आणि गोंदानं हात टेकले.

यात मला राग कशाचा यावा, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. मी मास्तर माणूस, आधी कायदा बघितला. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोटं बोधचिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वाचून बरं वाटलं. मग आठवलं की माझ्याकडं बिल नाही. दुकानात जाऊन शू काउंटरवर ठेवला, तर मालक शांतपणे म्हणाला, "सर, हे आमच्याकडनं नेलाय कशावरनं?" मी घरी आलो.

आता खरी गंमत. हे सगळं कुठं घडतंय? कोल्हापुरात! जिथं शिरोलीत, गोकुळ शिरगावला, कागलला रात्रंदिवस भट्ट्या चालतात आणि देशभरातल्या ट्रॅक्टरांना, ट्रकांना, इंजिनांना लागणारं बीड (ओतीव लोखंड) ओतून बाहेर पाठवलं जातं. उद्यमनगरात एखाद्या बोळात शिरा, दहा फुटाच्या गाळ्यात लेथ, बाहेर बरीचा, म्हणजे कापलेल्या धातूच्या कचऱ्याचा ढीग, आणि आत बसलेला माणूस तुम्ही नेलेला तुटका पार्ट डोळ्यासमोर धरून 'उद्या या' म्हणतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथं स्वतः जुळवला. दसऱ्याला दसरा चौकात संस्थानची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार येते तेव्हा पोरं मोबाइल वर करतात आणि आमच्यासारखे लोक मनात म्हणतात, हिचा क्लच कोण भरत असेल? अशा गावातल्या माणसाला स्कूटरचा ब्रेक शू धड मिळू नये, हे म्हणजे गुऱ्हाळाच्या दारात बसून फिका चहा पिण्यासारखं झालं.

माझा मावसभाऊ शिरोलीत एका फाउंड्रीत आहे. मी तावातावानं हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कॉपीला कशाला नावं ठेवतोस? कोल्हापूर कॉपीवरच उभं हाय." खरं आहे ते. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, उसाला पाणी द्यायला आणि चरक फिरवायला विलायती ऑइल इंजिनं आली. ती बिघडली, मिस्त्र्यांनी उघडली, पाहिली, लाकडाचे पॅटर्न केले आणि तशीच ओतली. आधी एक भाग, मग दुसरा, मग अख्खं इंजिन. कुणी परवानगी मागितली नव्हती. पण त्या इंजिनाच्या अंगावर ओतताना इथल्या कारखान्याचं नाव उठावात असायचं. इंजिन बंद पडलं तर शेतकरी बैलगाडीत घालून त्याच दाराशी आणून टाकायचा आणि मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या शिव्या खायची तयारी ठेवून नाव टाकलेलं असायचं.

मावसभावानं मला एक कास्टिंग दाखवलं. कडेला बारीक आकडे उठवलेले. त्याला ते हीट नंबर म्हणतात. कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीतल्या कुठल्या वितळणीतून हा तुकडा ओतला, ते त्या आकड्यावरून निघतं. त्या वितळणीचा नमुना तपासलेला असतो: कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती. सहा महिन्यांनी कुठं एखादा तुकडा तडकला तर आकडा वाचून त्याच्याबरोबर जन्मलेली सगळी भावंडं शोधून बाजूला काढता येतात. "गुरवाच्या घरात जन्मपत्रिका नसंल एवढी आमच्याकडं असत्यात," तो म्हणाला. मी माझा शू उलटसुलट करून पाहिला. एकही आकडा नाही. कंपनीचं नाव मात्र ठसठशीत.

तेव्हा मला माझा राग सापडला. कुणीतरी स्वस्तातला शू बनवला याचा मला राग नव्हता. त्यानं स्वतःचं नाव घालून ४० रुपयांना विकला असता तर मी बघून, विचार करून, कदाचित गावात फिरण्यापुरता घेतलाही असता आणि पन्हाळ्याला बसनं गेलो असतो. त्यानं माझ्याकडून ती माहिती चोरली. मी किती जोखमीवर बसलोय, हे मला कळू दिलं नाही.

आता आम्ही कोल्हापूरकर या विषयावर बाहेरच्यांना फार सुनावतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर तसलीच चप्पल नाव न घेता चालवली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस शिकवणं बंद पडायची वेळ आली होती. मीही तावातावानं बोललो. चप्पल लाइनीत रेक्झिनची 'कोल्हापुरी' घेऊन जाणाऱ्या पाहुण्यांना मी चारचौघांत शहाणपण शिकवलेलं आहे. गुळाचं तेच, बाहेरचा गूळ कोल्हापूरच्या नावानं खपला की आम्ही पेटतो. आणि त्याच आठवड्यात मी दुकानात जाऊन 'बिल राहू दे, चालतंय की' म्हणतो.

ते 'चालतंय की' मामांनी मला ऐकवलंच. गॅरेजवाल्याचं गणित त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गिऱ्हाईक येतं ते 'मामा, कमीतलं बसवा' म्हणूनच. ओरिजिनल बसवलं की दुसरा गॅरेजवाला निम्म्यात करून देतो आणि हे लुटारू ठरतात. वर डुप्लिकेटवर दुकानदार मिस्त्रीला जास्त सोडतो. मजुरी मात्र दोन्हीकडं तेवढीच, आणि डुप्लिकेट बसवलं की तीन महिन्यांनी गिऱ्हाईक परत येतं, परत मजुरी. "म्हंजे आमी चोर झालो की आमाला चार पैसं जास्ती," मामा म्हणाले. "आता बोल."

मी काय बोलणार?

मग मी ठरवलं, अस्सलच आणायचं. ब्रेक शू मामांनी कुठून तरी ओईएमचा मिळवला, तो प्रश्न मिटला. पण इंजिनही धूर टाकत होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही अंगांना ऑइल सील, म्हणजे तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्या असतात. एका बाजूचं गळलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप चढते आणि इंजिन तापून पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं गळलं तर गिअरचं ऑइल आत जाऊन जळतं आणि मागच्या माणसाला वाटतं डासांची गाडी आली. आमची ही दुसरी तऱ्हा. पुरानंतर बसवलेलं सील काढलं तर ओठ चिकट, हाताला काळं लागलेलं.

याला एक नवं कारण आहे आणि त्यात आमचाच हात आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आलं होतं. इथेनॉल येतं बरंचसं उसातून, आणि ऊस येतो आमच्या शेतांतून. चेतक बनली तेव्हा तिच्या रबरांनी असलं पेट्रोल स्वप्नातही पाहिलेलं नव्हतं. मूळ रबर निदान कुरकुरत का होईना तग धरतं. जुनी रबरं दळून आणि खडूची भुकटी घालून केलेलं डुप्लिकेट फुगतं, मऊ पडतं, नाहीतर पेट्रोलच्या नळीसारखं कडक होऊन चिरतं. माझी नळी तीन महिन्यांत कुरडईसारखी मोडली. म्हणजे मावशीच्या शेतातला ऊस कारखान्यात जाऊन फिरून माझ्या कार्ब्युरेटरमध्ये येतो आणि माझी नळी खातो. उसाचं बिल दिवाळीला मिळतंच म्हणा.

मामा म्हणाले, व्हायटॉनचं, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं सील बघ, तपकिरी असतंय. मग थांबून म्हणाले, "आता रंग काय, कुणीबी देतोय."

शोधत शोधत गडहिंग्लजला गेलो. तिथं बंद पडत आलेल्या एका दुकानात म्हाताऱ्या मालकानं वरच्या फळीवरनं धूळ झटकत खोकं काढलं. पिवळं पडलेलं, कंपनीचं जुनं चिन्ह, जुनी किंमत. शंभर टक्के अस्सल. मालकानं छापील किमतीलाच दिलं, वर चहा पाजला. परत येताना मला देवाचा अंगारा मिळाल्यासारखं झालं होतं.

पंधरा दिवसांत परत धूर.

मामांनी सील काढून दुमडलं, ओठाला बारीक चिरा. "ओरिजिनल हाय रे. पण वीस वरसं फळीवर बसलंय. रबर बसल्या बसल्या म्हातारं हुतंय, माणसासारकं." अस्सलपणावर माझी जी काही भक्ती बसली होती तिला त्या चिरांतून चांगलीच गळती लागली. अस्सल म्हणजे बनवणाऱ्याचा शब्द, पण तो शब्द कधी दिला होता तेही बघावं लागतं. शेवटी एका बेअरिंग-सीलच्या दुकानात मापं सांगून नव्या तारखेचं, पंपाच्या कामाचं सील मिळालं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्यावर चेतकचं नाव कुठंच नाही. ते अजून गळलेलं नाही.

राहिला पुढच्या चाकाच्या लिंकचा बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी धातूची नळी. बाजारातले सगळे मऊ. एक मी नखानं ओरखडला तर रेघ उठली, आता बोला. मामांनी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याचा पत्ता सांगितला. साठीचे असतील, डोळ्याला दोरीनं बांधलेला चष्मा. जुना पिन हातात घेतला, मायक्रोमीटर लावला, अंगठ्यानं फिरवून पाहिला. गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला आणि पिवळी बर पावसासारखी उडायला लागली. अर्ध्या तासात दोन बुश. देताना सेंटर पंच घेऊन प्रत्येकाच्या कडेवर टुक करून एक टिंब मारलं.

"हे कशाला?"

"परत आला तर माझा हाय का बघाय."

३५० रुपये झाले. सवयीनं, नव्हे, या वेळी मुद्दाम, मी बिल मागितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. "बिल कसलं, सर? मी हितंच असतोय की."

बुश बसवला. पुढचं चाक हलायचं थांबलं, पण खड्ड्यात सस्पेन्शन जड झालं. दबताना कुईं कुईं. आठ दिवस मी स्वतःला समजावलं की नवीन आहे, बसेल, चालतंय की. मग शनिवारची शाळा सुटल्यावर मामांकडून बुश काढून घेतला आणि खिशात घालून उद्यमनगरात गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो, कारण दुकानदाराचं 'आमच्याकडनं नेलाय कशावरनं' अजून कानात होतं.

मला काही बोलावंच लागलं नाही. त्यांनी बुश घेतला, आधी कडेवरचं टिंब बघितलं. मग चष्मा वर सारून मायक्रोमीटर लावला, एकदा, दुसऱ्यांदा.

"माझाच हाय," ते म्हणाले. "केसभर कमी कापलाय. चुकलंय."

बुश चकमध्ये धरला, स्विच दाबला आणि मशिनच्या आवाजावरनं ओरडून सांगितलं, "सर, बाकड्यावरचं ते सामान सरकवा आन बसा. समोर दोन चा सांगा, एक बिनसाकरंचा."